जुन्या होम कॉम्प्युटरचे रेप्लिका बोर्ड: बनवून झाले, आता विकावेत का?

ताम्रपट

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय.

झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के या सिंक्लेअरच्या जुन्या होम कॉम्प्युटरचा रेप्लिका बोर्ड (नव्याने बनवलेला तसाच मुख्य बोर्ड) तयार केला आहे. मूळ मशीनमधली फेरांटी कंपनीची यूएलए (पडदा आणि रॅम सांभाळणारी खास चिप) त्यात नाही, तिचं काम ७४ मालिकेतल्या साध्या लॉजिक चिपा करतात. हार्लेक्विन हा असाच आधीचा रेप्लिका ज्यांना माहीत आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल: कल्पना तीच, मांडणी माझी. मूळच्या ४११६ रॅमला +५, +१२ आणि -५ असे तीन व्होल्टेज लागायचे. मी स्टॅटिक रॅम घेतल्यामुळे ती कटकट मिटली. जोडीला कमोडोर ६४ या दुसऱ्या जुन्या होम कॉम्प्युटरसाठी फ्लॅश कार्ट्रिज (प्रोग्रॅम साठवून मशीनला बाहेरून खोचायची डबी) आहे, ते मात्र दुसऱ्याच्या ओपन सोर्स डिझाइनवरून.

ओळखीतल्यांनी पाहिलं आणि "आम्हालाही एक" सुरू झालं. छोटी बॅच काढून विकावी असं मनात आहे. नुसता बोर्ड विकावा, सुट्ट्या भागांसकट किट द्यावं, की जोडून तयार? रॉम (मशीनचा मूळ प्रोग्रॅम असलेली चिप) बोर्डवर बसवून द्यावा का? नाव काय ठेवावं? पुढच्यास ठेच लागलेली असेल तर सांगा, मी मागचा शहाणा व्हायला तयार आहे.

उगाचएक

वाखुसा (वाचनखूण साठवली). आणि विकत घ्यायची इच्छा झाल्याने खिशावर हात ठेवून वाचतोय.

जुनेखोड

अभिनंदन! पण आधी हे सांगा की 'चालतो' म्हणजे किती चालतो? काळ्या अक्षरांत कॉपीराइटची ओळ उमटली म्हणून स्पेक्ट्रम झाला असं नाही. खालची १६के रॅम यूएलए आणि झेड८० प्रोसेसर दोघांनाही हवी असते. पडदा रंगवायचं काम चालू असताना प्रोसेसर १६३८४ ते ३२७६७ मधल्या पत्त्यावर आला की यूएलए त्याचं घड्याळच थांबवते. एका फ्रेममध्ये ६९,८८८ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) बसतात, आणि बॉर्डरवर रंगीत पट्टे काढणारे डेमो (मशीनची करामत दाखवणारे प्रोग्रॅम) त्यातला एकेक टी-स्टेट मोजून लिहिलेले आहेत. ही अडवणूक थोडी जरी चुकली तरी पट्टे तुटतात. काही खेळ तर फ्लोटिंग बस (यूएलए त्या क्षणी रॅममधून वाचत असलेली माहिती) वाचून पडद्याशी ताळमेळ ठेवतात, ते सरळ अडकून बसतील.

तुमचं गिऱ्हाईक बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहायला बोर्ड घेणार नाही. पहिल्याच दिवशी तो नेमका सगळ्यात खडूस डेमो लावून बघणार, आणि मग तुम्हाला पत्र लिहिणार.

आणखी एक. प्रोसेसर कुठला दिलाय? झेड८० च्या जुन्या एनमॉस बनावटीवर ईडी ७१ ही दस्तऐवजात नसलेली आज्ञा पोर्टवर शून्य पाठवते, नंतरच्या सीमॉस बनावटीवर २५५ पाठवते. फरक क्वचितच जाणवतो, पण ज्याला जाणवतो तो सोडत नाही.

ताम्रपट

@जुनेखोड, अडवणूक आणि फ्लोटिंग बस दोन्ही आहेत, स्कोपवर (ऑसिलोस्कोप) मूळ मशीनशी ताडून पाहिलंय. पट्टे जुळतात. झेड८० सीमॉस आहे, ईडी ७१ ची गोष्ट माहितीपत्रकात लिहीन.

कलमबहाद्दर

रॉमबद्दल लिहितो. मी वकील नाही आणि देशोदेशीचे कायदे वेगळे, पण काही गोष्टी बऱ्यापैकी स्पष्ट आहेत.

या मशीनच्या काळातली पेटंटं केव्हाच संपली. चिपच्या अंतर्गत आराखड्याला अमेरिकेने १९८४ च्या कायद्याने वेगळं संरक्षण दिलं, तेही १० वर्षांचं. म्हणजे यूएलएचं काम दुसऱ्या चिपांनी करायला कुणी आडवं येणार नाही. सर्किटचं काम तुमचं. दुसऱ्याने काढलेला नकाशा जसाच्या तसा छापला तर तो नकाशा त्याचा.

रॉममधल्या कोडचं मात्र तसं नाही. अमेरिकेत कंपनीने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामाचा कॉपीराइट ९५ वर्षं चालतो, म्हणजे २०७७ पर्यंत. स्पेक्ट्रमचे हक्क सिंक्लेअरकडून १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडकडे गेले. १९९९ मध्ये ॲमस्ट्रॅडने इम्युलेटरसोबत (जुन्या मशीनचं सोंग घेणारे प्रोग्रॅम) रॉमच्या प्रती द्यायला परवानगी दिली, पण कॉपीराइट स्वतःकडेच ठेवला आणि रॉममधली कॉपीराइटची ओळ बदलू नका असं सांगितलं. ती परवानगी इम्युलेटरवाल्यांना उद्देशून होती. पैसे घेऊन विकलेल्या बोर्डालाही ती लागू आहे असं परस्पर ठरवू नका. कमोडोर आणि अमिगाच्या रॉमचे हक्क सांगणारी कंपनी आजही त्यांचे परवाने विकते, तिथे तर 'जुनं आहे, कोण विचारतंय' हा हिशेब मुळीच चालत नाही.

माझा सल्ला: सॉकेट रिकामं ठेवा. रॉम गिऱ्हाईक बसवेल.

उगाचएक

पण सगळेच रॉम बसवून देतात की! रॉमशिवाय बोर्ड घेऊन माणूस करणार काय, भिंतीवर लावणार?

कलमबहाद्दर

सगळेच देतात हे फ्रँकलिन कंपनीलाही वाटलं असेल. फ्रँकलिनने ॲपल २ ची नक्कल बाजारात आणली आणि रॉमही उतरवले. कोर्टात फ्रँकलिनचं म्हणणं असं की ऑपरेटिंग सिस्टिमला कॉपीराइट लागूच होत नाही. खालच्या कोर्टाने मनाई हुकूम नाकारला होता, पण १९८३ मध्ये अपिलात ॲपलच्या बाजूने लागलं. गंमत म्हणजे नकलेच्या कोडमध्ये ॲपलच्या एका प्रोग्रॅमरचं नाव आणि 'ॲपलसॉफ्ट' हा शब्द जसेच्या तसे सापडले होते. चोराने घरमालकाच्या नावाची पाटीसुद्धा उचलून आणली म्हणा ना.

भिंतीवर लावायची गरज नाही. बोर्डसोबत स्वतः लिहिलेला चाचणीचा रॉम द्या: रॅम तपासणारा, कीबोर्डच्या रांगा दाखवणारा, बॉर्डरचे रंग फिरवणारा. बोर्ड चांगला आहे एवढं त्याने सिद्ध होतं. कमोडोर ६४ साठी मेगा६५ या नव्या मशीनच्या मंडळींनी ओपन रॉम्स म्हणून स्वतंत्र कर्नल (मूलभूत प्रणाली) आणि बेसिक लिहायला घेतलं आहे, तो मार्गही बघण्यासारखा आहे.

पिन_एक

परवान्याचा मुद्दा राहिला. @ताम्रपट, कार्ट्रिजचं डिझाइन ओपन सोर्स आहे म्हणालात, पण कुठल्या परवान्याखाली? क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात 'एनसी' (बिगर-व्यापारी) असेल तर विकता येत नाही, विषय संपला. 'एसए' (तशाच अटीवर वाटप) असेल तर विकता येतं, पण तुम्ही केलेले बदल त्याच परवान्याखाली उघड करावे लागतात. सर्न या संशोधन संस्थेच्या ओपन हार्डवेअर परवान्याची दुसरी आवृत्ती एस, डब्ल्यू आणि पी अशा तीन रूपांत येते: एस सगळ्यात कडक, पी सगळ्यात सैल.

परवान्यात काहीही असो, मूळ डिझायनरला एक पत्र टाका. बरेच जण आनंदाने 'हो' म्हणतात, वर चुकांची ताजी यादी देतात.

ताम्रपट

एसए आहे. पत्र टाकलं होतं, उत्तरही आलंय: विका, फक्त बोर्डवर मूळ नाव आणि आवृत्ती छापा.

चौसष्टकला

नमस्कार. थोडं कडवट लिहितोय, राग मानू नका.

रेप्लिका बोर्ड दोन जातींचे. ताम्रपट यांचा पहिल्या जातीचा, त्याला जुन्या मशीनमधलं काही लागत नाही. दुसऱ्या जातीत फक्त बोर्ड नवा. कमोडोर ६४ चा नवा बोर्ड घेतला की त्यात चित्राची व्हिक-२ हवी, आवाजाची सिड हवी, कीबोर्ड-पोर्ट सांभाळणाऱ्या दोन सीआयए हव्यात, ६५१० प्रोसेसर हवा. हे आणायचे कुठून? दुसऱ्या ६४ मधून! वाडा पाडून त्याच्या खांबांवर बंगला बांधायचा आणि त्याला जतन म्हणायचं, त्यातली गत.

कमोडोरच्याच अमिगा कॉम्प्युटरचं मी समजू शकतो. ५०० प्लस, २०००, ३०००, ४००० या मशीनवर निकेल-कॅडमियमची बॅटरी बोर्डलाच सोल्डर केलेली असायची. ती फुटून झिरपली की तांब्याच्या वाटा आणि थरांमधली भोकं खाऊन टाकते. बोर्ड मेला पण चिपा जिवंत, अशा वेळी नवा बोर्ड म्हणजे खरंच पुनर्जन्म. पण चालत्या, पिवळ्या पडलेल्या, नुसता कीबोर्ड मोडका असलेल्या ६४ चं पोट फाडून चिपा काढणारे लोक मी पाहिले आहेत, कारण नवा बोर्ड काळा आणि सोनेरी दिसतो!

जुनेखोड

@चौसष्टकला, तुमचं म्हणणं पटतं, पण दोष बोर्ड विकणाऱ्याचा कसा? चिपा काढणारे आधीही काढतच होते.

चौसष्टकला

दोष नाही म्हणत, जबाबदारी म्हणतोय. विक्रीच्या पानावर स्पष्ट लिहा की हा बोर्ड मेलेल्या बोर्डच्या चिपांसाठी आहे. आणि पर्यायी चिपा चालतील अशी सोय ठेवा. सिडऐवजी आर्मसिड किंवा एफपीजीएसिड बसते, व्हिक-२ ऐवजी कवारी, पीएलए (कुठल्या पत्त्यावर कुठली चिप ते ठरवणारा) तर कशानेही बदलता येतो. खरी सिड वापरणाऱ्यासाठी जंपर (जोडणी बदलायची टोपी) नीट द्या: ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात, ८५८० ला ९. ८५८० ला १२ दिले की तिचं गाणं बंद. फिल्टरचे कपॅसिटरही वेगळे आहेत, ६५८१ ला ४७० पिकोफॅरड, ८५८० ला २२ नॅनोफॅरड. हे सगळं जंपरच्या शेजारी बोर्डवरच छापा. माहितीपत्रक कुणी वाचत नाही.

जुनेखोड

आता चिपांचाच विषय निघालाय तर सविस्तर लिहितो, कारण किट विकायचं ठरवलंत तर तुमचा बहुतेक वेळ इथेच जाणार.

नव्या, कारखान्यातून येणाऱ्या चिपा कोणत्या ते आधी बघा. ७४ मालिकेतल्या एचसीटी आणि एलएस चिपा अजून मिळतात. ६५०२ प्रोसेसरच्या घराण्यात डब्ल्यूडीसी ही कंपनी ६५सी०२, ६५सी२२ आणि ६५सी८१६ आजही बनवते. झेड८० ची परिस्थिती बदलली: झायलॉगने २०२४ मध्ये सुट्ट्या झेड८४सी०० (सीमॉस झेड८०) चं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि शेवटच्या ऑर्डरसाठी १४ जूनची मुदत दिली. साठा भरपूर आहे, लगेच दुष्काळ पडणार नाही, पण तुमचा बोर्ड झेड८० वर उभा असेल तर बॅच ठरवायच्या आधी चिपा हातात घ्या. ५ व्होल्टची फ्लॅश हवी तर एसएसटी३९एसएफ०४० मिळते. लॅटिसच्या गॅल (हवं ते लॉजिक भरता येणाऱ्या) चिपा बंद झाल्या, त्यांच्या जागी एटीएफ१६व्ही८ आणि एटीएफ२२व्ही१० वापरा.

बाकी सगळं जुन्या साठ्यातून किंवा भंगारातून. तिथे खोट्यांचा सुळसुळाट आहे. जुन्या चिपेचा माथा घासायचा, वर काळा लेप द्यायचा, लेझरने हवं ते नाव मारायचं. एका विक्रेत्याकडून ६५२२ म्हणून आलेल्या चिपा निघाल्या भलत्याच, आणि प्रत्येकीवर एकच तारीख. ॲसिटोनच्या बोळ्याने माथा पुसून बघा, लेप निघाला तर शंका घ्या. पण लेप निघाला नाही म्हणून माल खरा असंही नाही. आधीच्या खुणेचा खड्डा अर्धवट बुजलाय का, पाय पुन्हा कथील लावून चकचकीत केलेत का, हे भिंगाखाली बघायचं. आणि शेवटी चाचणी. एकेक चिप, चालत्या बोर्डवर, सॉकेटमध्ये. दुसरा उपाय नाही.

खोटी म्हणजे नेहमी बंद असतेच असं नाही. पुष्कळदा चिप त्याच जातीची, पण कमी वेगाची असते. थंड असताना चालते, तापली की रुसते. असं किट गिऱ्हाइकाकडे गेलं की तो आपल्या सोल्डरिंगला दोष देत बसतो, तुम्ही त्याच्या सोल्डरिंगला, आणि चूक दोघांचीही नसते.

पिन_एक

यात भर. नवी ६५सी०२ मिळते म्हणून ती कुठल्याही जुन्या सॉकेटात खोचू नका. माझं नावच त्यावरून आहे! जुन्या ६५०२ ची पहिली पिन म्हणजे ग्राउंड. डब्ल्यूडीसीच्या ६५सी०२ ची पहिली पिन म्हणजे व्हीपीबी, ती आउटपुट आहे. जुन्या बोर्डवर ती थेट ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे आउटपुटला शॉर्ट. पिन वाकवून सॉकेटबाहेर ठेवावी लागते. ३६ वी पिन बस एनेबल, तीही ५ व्होल्टकडे वर ओढलेली हवी. रेप्लिका बोर्ड काढणाऱ्याने इथे एक जंपर दिला तर दोन्ही चालतात.

उगाचएक

एवढा जाच कशाला? एक एफपीजीए (हवं ते सर्किट फाइलमधून भरता येणारी मोठी चिप) टाका, सगळं त्यात. स्पेक्ट्रम नेक्स्ट या नव्या मशीनने तेच केलं. (पळतो.)

चौसष्टकला

थांबा, पळू नका. एफपीजीए मशीन उत्तम असतं, माझ्याकडेही आहे. पण ते रेप्लिका नव्हे, नवं मशीन आहे. ताम्रपट यांच्या बोर्डवर कुठल्याही चिपेच्या पायावर स्कोपची सुई ठेवा आणि पडद्याचा पत्ता कसा बनतो ते बघा. शिकणाऱ्याला हे सोनं आहे.

पिन_एक

यात मी उगाचएकच्या बाजूने. लॉजिक चिपांचा बोर्डही मूळ यूएलएचं अनुकरणच, फक्त मोठ्या आकारात. उलट एफपीजीएत दुरुस्ती फाइल पाठवून होते, लॉजिक चिपांमध्ये वाट कापून तार जोडावी लागते. अडचण वेगळी आहे. आताचे एफपीजीए ३.३ व्होल्टचे, जुनी बस ५ व्होल्टची, म्हणून मध्ये ७४एलव्हीसी२४५ सारखे बफर हवेतच. ३.३ चं आउटपुट एलएस किंवा एचसीटीला पुरतं, साध्या एचसीला नाही. आणि बफर लागू नयेत म्हणून लोक ज्या ५ व्होल्ट सोसणाऱ्या झायलिंक्स ९५००एक्सएल चिपा वापरायचे, त्याही २०२४ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर झालं. त्यामुळे 'एक चिप टाका, कायमची निश्चिंती' हे खरं नाही.

संपादक

एफपीजीए की खरी चिप यावर आधीच धागे आहेत, तिकडे लढा. इथे विक्रीबद्दल बोलूया.

लघुमंडल

वीजपुरवठ्याबद्दल कुणी लिहिलंच नाही? तिथेच तर बोर्ड जळतात.

मूळ स्पेक्ट्रमच्या ॲडॉप्टरमध्ये मधली पिन ऋण आहे. आज घरात पडलेले बहुतेक ॲडॉप्टर मध्ये धन असलेले. तुम्ही कुठलंही एक निवडलंत तरी कुणीतरी उलटं लावणारच. उलट्या जोडणीपासून संरक्षण द्या, मॉसफेट किंवा निदान डायोड, आणि सॉकेटशेजारी खूण मोठी छापा.

कमोडोर ६४ वाल्यांसाठी: मूळ विटेतला (म्हणजे जड ॲडॉप्टरमधला) ५ व्होल्टचा रेग्युलेटर राळेत बुडवलेला असतो. तो बिघडतो तेव्हा व्होल्टेज पडत नाही, चढतं, आणि पहिली आहुती रॅमची. तुमचं कार्ट्रिज अशा मशीनमध्ये जळलं की "कार्ट्रिजने मशीन मारलं" असंच पत्र येणार. वीट तपासल्याशिवाय कार्ट्रिज लावू नका ही ओळ पाकिटावर हवी. आणि मशीन चालू असताना कार्ट्रिज काढू नका, ही दुसरी.

एकच विनंती: भिंतीच्या विजेशी थेट जोडणारं काहीही स्वतः बनवून विकू नका. तयार, प्रमाणित ॲडॉप्टर सुचवा. बोर्ड जळला तर पैसे परत देता येतात, घर जळलं तर नाही.

पिन_एक

कार्ट्रिजच्या कडेच्या पट्ट्या कशाने मढवल्यात? ६४ ची कड ४४ पिनची, काढघाल सतत. साधं कथिलाचं फिनिश घेतलंत तर काही महिन्यांत संपर्क लागेनासा होतो. ईएनआयजीचं (निकेलवर चढवलेलं) सोनं अगदी पातळ असतं, थोडंफार टिकतं. जाड कडक सोनं महाग पण खरं. आणि ऑर्डर देताना कडेला उतार मागा, नाहीतर चौकोनी कड सॉकेटच्या पत्त्या वाकवते.

ताम्रपट

कड ईएनआयजी आहे, उतार मागितला नव्हता. पुढच्या बॅचला मागतो. आता नाव आणि दिसण्याबद्दल सांगा. मूळ बोर्डवरची अक्षरं, आवृत्ती क्रमांक, सगळं तसंच छापावं असं काहींचं म्हणणं आहे. दिसायला छान दिसतं, हे खरं.

कलमबहाद्दर

नको. ट्रेडमार्क वापरात असेल आणि नूतनीकरण होत असेल तोवर जिवंत राहतो, त्याला वयाची अट नाही. 'स्पेक्ट्रमशी सुसंगत' म्हणा, 'स्पेक्ट्रम' म्हणू नका.

जुनेखोड

कायद्यापलीकडचं कारणही आहे. ॲपल १ चं उदाहरण घ्या. १९७६ मध्ये साधारण २०० बनले. त्यातला एक २०१४ मध्ये लिलावात ९,०५,००० डॉलरला हेन्री फोर्ड संग्रहालयाने घेतला. आणि त्याच बोर्डचे हुबेहूब रेप्लिका गेली कित्येक वर्षं मिळतायत, अक्षरांसकट. त्यावर त्या काळच्या तारखांच्या चिपा बसवल्या की फरक ओळखायला जाणकार लागतो. रेप्लिका विकणारे बहुतेक जण प्रामाणिक आहेत, प्रश्न तिसऱ्या-चौथ्या हाताचा आहे. तुमच्याकडून घेणाऱ्याला माहीत असतं, त्याच्या भाच्याकडून घेणाऱ्याला नसतं.

म्हणून 'रेप्लिका', वर्ष आणि आवृत्ती हे तांब्याच्या थरातच कोरा. वरची छपाई खरवडता येते, तांबं खरवडलं की दिसतं. चिपेखाली लपेल अशा जागी नको, उघड्यावर.

चौसष्टकला

संपूर्ण सहमत. हे न करणाऱ्याकडून मी बोर्ड घेत नाही.

उगाचएक

तेवढ्यासाठी दिसायला वाईट बोर्ड? मला तरी मूळ अक्षरंच आवडतील.

चौसष्टकला

तुम्हाला आवडतील हो. म्हणूनच तर.

लघुमंडल

किट की तयार, यावर माझं मत: किट विकलंत की तुम्ही बोर्ड विकत नाही, मदत विकता. प्रत्येक किटमागे एक पत्रव्यवहार धरून चाला. एकाचा रेझिस्टर चुकीच्या जागी, एकाचा सॉकेटचा पाय खाली मुडपलेला, एकाने फ्लक्स न पुसल्याने कीबोर्डची रांग अडकलेली. प्रत्येक टप्प्यानंतर काय मोजायचं ते लिहून द्या: फक्त रेग्युलेटर लावा, ५ व्होल्ट आले का बघा, मग घड्याळ, मग रॅम. असं माहितीपत्रक असलं की निम्मी पत्रं येतच नाहीत.

किंमत ठरवताना लोक भागांची बेरीज करून थोडं वर ठेवतात आणि थकून बंद करतात. चाचणीचा वेळ, फुटलेली पाकिटं, दुसऱ्यांदा पाठवलेला बोर्ड, खोट्या निघालेल्या चिपा, हे सगळं त्यात धरा. स्वस्तात विकून सहा महिन्यांत गायब होणाऱ्यापेक्षा महाग पण उत्तर देणारा विक्रेता बरा.

ताम्रपट

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते असं: पहिली बॅच नुसत्या बोर्डांची, भागांच्या यादीसह. किट नाही, कारण चिपा तपासायला माझ्याकडे तेवढा वेळ नाही. रॉमचं सॉकेट रिकामं, चाचणीचा रॉम मी लिहितो. पॉवर सॉकेटपाशी मॉसफेट. 'रेप्लिका' तांब्यात, झेड८० च्या वरच्या मोकळ्या पट्टीत. कार्ट्रिज तयार जोडून, कारण त्यातल्या सगळ्या चिपा नव्या मिळतात.

पिन_एक

चाचणीच्या रॉममध्ये अडवणुकीची चाचणीही घाला: खालच्या आणि वरच्या रॅममध्ये तेच लूप चालवून फरक मोजायचा. गिऱ्हाइकाचा डेमो तुटला तर दोष बोर्डचा की डेमोचा, ते त्याचं त्यालाच कळेल.

ताम्रपट

हे भारी आहे. घालतो. फाइल आठवडाअखेर इथेच टाकीन, कुणाकडे मूळ ४८के असेल तर त्यावर चालवून आकडे द्या.

जुनेखोड

माझ्याकडे दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांचे बोर्ड आहेत. टाका फाइल.